कार्तिकातले उडते कंदील

उडता कंदील म्हणजे तोंड खाली असलेली कागदी पिशवी. उंची साधारण मीटरभर, वरून बंद, तळाला बांबूच्या कामटीचे किंवा बारीक तारेचे कडे. कड्याच्या मधोमध ताणलेल्या तारेवर मेणात भिजवलेला कापडाचा किंवा जाड कागदाचा तुकडा बसवलेला असतो. तो पेटला की आतली हवा तापते, पिशवी फुगते आणि थोड्या वेळाने कंदील हातातून सुटून अंधारात चढू लागतो. शेकडो माणसांनी एकाच वेळी कंदील सोडले की सगळे आकाश हलत्या ठिपक्यांनी भरते. चित्रफितींमधून हे दृश्य आता खेड्यापाड्यांतल्या मोबाइलवर पोहोचले आहे. दिवाळीच्या सुमारास आठवडी बाजारातल्या फटाक्यांच्या दुकानांतही घडी घातलेले उडते कंदील मिळतात. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टीसारख्या मोठ्या गावात, दिवाळीला पुण्या-मुंबईहून लेकरेबाळे परतल्यावर, मित्रमंडळींनी मिळून असा एखादा सोहळा करावा अशी हौस वाटणे स्वाभाविक आहे. ही हौस कुठून आली, तिच्यामागचे शास्त्र काय आणि कार्तिकातल्या मराठवाड्यात ती कशी भागवता येईल, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

कंदील वर जातो तो धुरामुळे किंवा ज्योतीच्या जोराने नव्हे, तर हवेच्या वजनातल्या फरकामुळे. २० अंश सेल्सिअस तापमानाला समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १ किलो २०० ग्रॅम भरते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापली की तेवढ्याच जागेत सुमारे ९५० ग्रॅम हवा उरते. म्हणजे एका घनमीटरमागे अडीचशे ग्रॅमच्या आसपास उचल मिळते. बाजारातल्या कंदिलात पाव घनमीटर हवा मावते असे धरले, तर उचल साठ-पासष्ट ग्रॅमच होते. कागद, कडे, तार आणि इंधन या सगळ्यांचे वजन मिळून त्याच्या आत बसले पाहिजे. म्हणूनच कागद इतका पातळ असतो आणि म्हणूनच तो इतक्या सहज पेटतो. बाहेरची हवा जितकी गार, तितका हा फरक वाढतो. वैशाखापेक्षा कार्तिकातल्या रात्री कंदील जोमाने चढतो. इंधन साधारण पाच-दहा मिनिटे पुरते. ते संपले की आतली हवा निवते आणि कंदील खाली येऊ लागतो. तो कुठे उतरेल, हे सोडणाऱ्याच्या हातात उरत नाही.

एकट्या माणसाला कंदील सोडणे अवघड जाते. एकाने वरचे टोक धरून पिशवी ताठ ठेवायची, दोघांनी दोन बाजूंनी कडे धरायचे आणि चौथ्याने वात पेटवायची. मग घाई न करता थांबायचे. आतली हवा पुरेशी तापली की कडे आपणहून वर ओढ घेते आणि ती ओढ बोटांना जाणवल्यावरच हात सोडायचे असतात. बहुतेक फजिती इथेच होते. फोटोच्या नादात कंदील आधीच सोडला, तर तो डोक्याच्या उंचीवर तिरपा होतो, ज्योत कागदाला लागते आणि पेटता कागद गर्दीत पडतो. चार माणसांनी एकमेकांकडे पाहत, एकाच गोष्टीकडे लक्ष लावून मिनिट-दोन मिनिटे थांबणे, हेच या खेळातले खरे सुख आहे. घरातली आजी, बाप आणि नातू एकाच कड्याला हात लावून उभे राहू शकतात. कुटुंबांना हा सोहळा इतका का भावतो, याचे उत्तर बरेचसे या थांबण्यात आहे.

या कंदिलाचे मूळ चीनमध्ये मानले जाते. तिसऱ्या शतकातला सेनानी झुगे लियांग याने वेढ्यात सापडल्यावर मदत मागवण्यासाठी असे कंदील सोडले, अशी आख्यायिका आहे आणि त्याच्या टोपणनावावरून चिनी लोक याला कोंगमिंग कंदील म्हणतात. युरोपात गरम हवेचा प्रयोग खूप उशिरा झाला. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बार्तोलोमेउ द गुस्माओ या पाद्र्याने १७०९ मध्ये लिस्बनच्या राजदरबारात छोटा कागदी फुगा उडवून दाखवला. पुढे १७८३ मध्ये फ्रान्समधील मोंगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणूस प्रथमच मोकळा आकाशात गेला. माणसाला उचलणारा तो फुगा आणि दिवाळीतला हा कंदील यांचे तत्त्व एकच आहे.

आशियातले उडत्या कंदिलांचे मोठे सोहळे पौर्णिमेला होतात आणि त्यांतल्या बहुतेक पौर्णिमा मराठी पंचांगात ओळखीच्या आहेत. उत्तर थायलंडमधील चिआंग माई येथील यी पेंग हा सोहळा साधारणपणे कार्तिक पौर्णिमेलाच येतो. २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला इकडे त्रिपुरी पौर्णिमा होती आणि तिकडे लॉय क्रथोंग व यी पेंग. लॉय क्रथोंगला केळीच्या खोडाचे नि पानांचे दिवे पाण्यात सोडतात आणि यी पेंगला कागदी कंदील आकाशात. शहराबाहेरच्या मैदानांवर होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमांना तिकीट असते. लोक चटयांवर रांगेने बसतात, भिक्खूंचे पठण होते आणि इशारा मिळाल्यावरच सगळे एकदम कंदील सोडतात. इतर वेळी कंदील सोडण्यावर निर्बंध आहेत, आणि सणाच्या संध्याकाळी चिआंग माई विमानतळावरची अनेक उड्डाणे रद्द करावी लागतात किंवा त्यांच्या वेळा बदलाव्या लागतात. म्यानमारमध्ये याच पौर्णिमेला शान राज्यातील तौंजी शहरात माणसांपेक्षा कितीतरी मोठे कागदी फुगे उडवले जातात. रात्रीच्या फुग्यांना शेकडो दिवे आणि फटाकेही लावलेले असतात, आणि फुगा उलटून गर्दीत कोसळल्याने तिथे माणसे दगावली आहेत.

बांगलादेशातील चितगाव भागातले बौद्ध कंदील सोडतात ते महिनाभर आधी, आश्विन पौर्णिमेला. वर्षावास संपतो ती प्रवारणा पौर्णिमा हीच, आणि त्याच रात्री महाराष्ट्रात कोजागरीचे दूध आटत असते. कंदिलांना तिकडे फानूस म्हणतात. सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग करताना आपले केस कापून आकाशात फेकले, ते इंद्राने झेलून तावतिंस स्वर्गातील चूळामणी चैत्यात ठेवले, अशी बौद्ध परंपरेतील कथा आहे. त्या चैत्याला वंदन म्हणून दिवा वर पाठवायचा, असा त्यामागचा भाव. कोलकात्यातही उत्तरेकडच्या जुन्या घराण्यांनी कालीपूजेच्या सुमारास मोठमोठे कागदी फानूस उडवण्याची हौस जपली आहे.

तैवानमधील पिंगशीचा सोहळा चिनी वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा माघी पौर्णिमेला होतो. पिंगशी हे डोंगरदरीतले जुन्या कोळसा खाणींचे गाव. लुटारूंच्या भीतीने डोंगरात लपलेल्या बायकामुलांना, गावात आता धोका नाही, परत या, हे कळवण्यासाठी मागे राहिलेले पुरुष कंदील सोडत, असे तिथे सांगतात. आज पर्यटक कंदिलाच्या चारही बाजूंवर ब्रशने आपली इच्छा लिहितात आणि जवळच्या शिफेन गावात रेल्वेच्या रुळांवर उभे राहून तो सोडतात. पिंगशीबद्दल एक गोष्ट मात्र चित्रफितींत दिसत नाही. तो भाग तैवानमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी आहे. डोंगर बाराही महिने ओले असतात. पेटता कंदील तिथल्या झाडीत उतरला, तरी सहसा विझून जातो. पडलेले सांगाडे गोळा करणे हे मात्र गावकऱ्यांच्या मागे लागलेले कायमचे काम आहे.

मराठी मुलखाच्या सीमेवर गोव्यात, साखळीजवळच्या विठ्ठलापूर येथे, त्रिपुरी पौर्णिमेचा उत्सव वाळवंटी नदीच्या काठी होतो. बांबू, कागद आणि थर्माकोल यांच्या सजवलेल्या, दिवे लावलेल्या छोट्या होड्या नदीत सोडतात. त्यांची स्पर्धा असते, त्रिपुरासुराच्या वधाचा प्रसंग होतो आणि गरम हवेचे कागदी फुगेही उडवले जातात. गोव्याच्या पावसाळी तालुक्यात, नदीच्या काठावर हे चालते. उजेडाचा उत्सव पाण्याजवळ करण्यात पूर्वजांनी दाखवलेली समज वाखाणण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात मात्र कार्तिकाचा दिवा बहुतेक जागच्या जागी राहिला. पूर्वी आश्विन-कार्तिकात उंच बांबूच्या टोकाला दोरी ओढून दिवा चढवत, तो पितरांना वाट दाखवतो अशी श्रद्धा होती. दारातला आकाशकंदील हे त्याचेच घरगुती रूप. कामट्यांचा सांगाडा, घोटीव किंवा पतंगी कागद, खळ, खालच्या झिरमिळ्या आणि आतला दिवा ही त्याची सामग्री उडत्या कंदिलाच्या अगदी जवळची आहे. कागद आणि बांबू दोन्हीकडे सारखेच, फरक एवढाच की एक दोरीला बांधलेला असतो. त्रिपुरी पौर्णिमेला गावोगावच्या देवळांत दीपमाळा पाजळतात, कार्तिकातल्या काकड आरतीची सांगता होते, त्रिपुरवाती जळतात. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर त्या पहाटे हजारो पणत्या लागतात आणि त्या पाहायला माणसे अंधारात घराबाहेर पडतात. लहान मुलाला खांद्यावर घेऊन, थंडीत शाल लपेटून, ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये उजेड पाहत उभे राहण्याचा जो आनंद चिआंग माईत मिळतो, तोच इथेही मिळतो.

उडते कंदील महाराष्ट्रात अलीकडे आले ते लग्नसमारंभ, वाढदिवस आणि नववर्षाच्या रात्रीतून. पाठोपाठ मनाई आदेशही आले. मुंबई पोलिसांनी दिवाळीच्या तोंडावर उडत्या कंदिलांची विक्री, साठवण आणि वापर यांवर वेळोवेळी बंदी घातली आहे. उंच इमारतींच्या सज्जात आणि गच्चीवर पेटता कंदील उतरण्याचा धोका हे त्यामागचे मुख्य कारण. विमानतळांच्या परिसरात तर पतंग आणि फुग्यांवरही निर्बंध असतात. असे आदेश पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेश ठरावीक हद्दीपुरते आणि ठरावीक मुदतीचे असल्याने आपल्या जिल्ह्यात त्या महिन्यात काय लागू आहे, हे पोलीस ठाण्यात विचारूनच कळते. दुकानात कंदील मिळाला म्हणजे तो उडवायला परवानगी आहे, असे समजणे चुकीचे आहे.

आता आष्टीच्या शिवाराकडे पाहू. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दिवाळीपर्यंत मोसमी पाऊस परतलेला असतो. सोयाबीन नुकतेच कापून झालेले असते. मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत शेतात त्याच्या सुड्या उभ्या राहतात, वर बहुधा प्लास्टिकची ताडपत्री. कापसाची बोंडे फुटलेली असतात, वेचणी चालू असते आणि वेचलेला कापूस भाव वाढेल या आशेने घरातल्या एखाद्या खोलीत, कधी ओसरीवर भरून ठेवलेला असतो. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असते. बांधांवरचे गवत वाळायला लागलेले असते. जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, गोदावरीच्या अंगाला, ऊस आणि उसाचे पाचटही आहे. वर्षभराची कमाई उघड्यावर, वाळलेल्या अवस्थेत पडून असण्याचा हाच काळ आहे. एक सुडी पेटली तर एका घराचा खरीप गेला, मग पुढच्या पेरणीचे, मुलाच्या फीचे, सावकाराचे सगळे हिशेब कोलमडतात. आगीचा बंब सहसा नगरपालिकेच्या गावी असतो. तो कच्च्या शिवाररस्त्याने पोहोचेपर्यंत वाळलेल्या सोयाबीनची राख झालेली असते.

वाऱ्याचा हिशेबही फसवा आहे. कार्तिकातल्या संध्याकाळी जमीन लवकर निवते, तिच्यालगतची गार हवा स्थिर होऊन बसते आणि मैदानात पानही हलत नाही. पण शे-दोनशे मीटर वर वारा जोरात असू शकतो. खाली शांतता पाहून सोडलेला कंदील वर गेल्यावर वाट बदलतो. ताशी दहा किलोमीटरच्या मंद वाऱ्यातही दहा मिनिटांत तो दीड किलोमीटरहून लांब जातो. गावातल्या मैदानातून सोडलेला कंदील तेवढ्या वेळात गावठाण ओलांडून शिवारात पोहोचतो. इंधन पूर्ण जळाले तर तो विझून उतरतो, पण कागद फाटला किंवा कंदील झाडाला, विजेच्या तारेला अडकला, तर पेटलेलाच खाली येतो.

ही भीती उगाच नाही. इंग्लंडमधील स्मेथिक येथे ३० जून २०१३ च्या रात्री एक उडता कंदील पुनर्वापराच्या मालाच्या आवारात उतरला आणि सुमारे एक लाख टन कागद व प्लास्टिक पेटले. दोनशेच्या आसपास जवान ती आग विझवत होते आणि कंदील उतरतानाचे चित्रण तिथल्या कॅमेऱ्यात सापडले. जर्मनीतील क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या नववर्षरात्री अशाच कंदिलांनी वानरांच्या इमारतीला आग लागली आणि तीसहून अधिक प्राणी मेले. त्यांत ओरांगउटान, गोरिला आणि चिंपांझी होते. कंदिलांवर तिथे आधीपासूनच बंदी होती. आईमुलींनी घरगुती आनंदासाठी सोडलेल्या कंदिलांतून हे घडले होते, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ब्राझीलमध्ये जूनमधल्या संत जॉनच्या सणाला कागदी फुगे उडवण्याची जुनी परंपरा होती. जंगलांना आणि वस्त्यांना आगी लागतात म्हणून १९९८ च्या पर्यावरण गुन्ह्यांच्या कायद्याने असे फुगे बनवणे, विकणे आणि सोडणे हा गुन्हा ठरला. शतकानुशतकांची परंपरा असलेल्या देशाने हा निर्णय घेतला, हे विशेष.

आग लागली नाही तरी तारेचा प्रश्न उरतो. शेतात पडलेल्या कंदिलाचा कागद दोन पावसांत जातो, पण बारीक तार मातीत आणि चाऱ्यात राहते. कापलेल्या चाऱ्याबरोबर ती कडबा कुट्टी यंत्रात गेली की तिचे बोटभर तुकडे होतात आणि गव्हाणीत पडतात. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, गिळते. तार पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकते, भिंत टोचते, पुढे हृदयापर्यंत इजा करते. जनावर चारा सोडते, दूध आटते, आणि कारण लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. तारेऐवजी बांबू आणि सुती दोरा वापरलेले कंदील ‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकले जातात. त्यांनी जनावरांचा धोका कमी होतो, आगीचा नाही.

तेव्हा आष्टीत असा सोहळा करायचाच, तर तो जमिनीला बांधलेल्या उजेडाचा करणे शहाणपणाचे आहे, आणि त्यात आनंदाला काहीच कमी पडत नाही. शाळेचे किंवा देवळापुढचे मैदान त्याला पुरते. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी आठ-दहा दिवस आधीपासून कंदील बनवायला घ्यावेत. कामट्या तासायला गावातले जुने कारागीर हाताशी असतात आणि षटकोन किंवा चांदणी कशी बांधायची, हे आजोबांच्या पिढीला अजून येते. खळ घरच्या मैद्याची किंवा साबुदाण्याची करता येते. आत मेणबत्तीऐवजी छोटा एलईडी दिवा ठेवला की कागद जळण्याची चिंता मिटते आणि बॅटरीवर चालणारा दिवा विजेच्या भरवशावर राहत नाही. हे कंदील मैदानभर ताणलेल्या दोऱ्यांवर वेगवेगळ्या उंचीवर टांगले, मोठे दिवे विझवले आणि सगळे एका इशाऱ्यावर लावले, तर अंधारातून आकाश उजळण्याचा तो क्षण इथेही साधतो. उंच बांबूवर दोरी ओढून दिवा चढवण्याची जुनी रीत या निमित्ताने मुलांना दाखवता येते. लेकराच्या हातात दोरी दिली की दिवा वर नेण्याचे समाधान त्यालाही मिळते. पिंगशीसारख्या इच्छा लिहायच्या असतील, तर कंदिलाच्या कागदाला कोण अडवतो? उलट, इथे लिहिलेले दुसऱ्या दिवशीही वाचता येते.

पणत्या लावायच्या तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. पणत्यांची रांग आणि माणसांची वाट यांत अंतर असावे. मुलांना सुती कपडे घालावेत, कारण नायलॉनसारखे कृत्रिम कापड वितळून कातडीला चिकटते. ओढणी आणि पदर खोचलेले असावेत. पाण्याच्या दोन-चार बादल्या आणि वाळू जवळ ठेवून ती सांभाळायला दोन तरुण नेमावेत. कोणाला भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावू नये आणि फोड फोडू नयेत.

उडत्या कंदिलांचा खरा सोहळा पाहायची इच्छा असलेल्या कुटुंबांनी तो जिथे रीतसर होतो तिथे जावे. कार्तिक पौर्णिमेला चिआंग माईत, माघात पिंगशीत, नाहीतर त्यातल्या त्यात जवळ, साखळीच्या नदीकाठी. तिकीट, वाहन आणि राहण्याची सोय महिनोन्‌महिने आधी करावी लागते. गर्दीत मुले आणि म्हातारी माणसे हरवू नयेत म्हणून भेटीची एक जागा आधीच ठरवून घ्यावी.

दुसऱ्या कुणी सोडलेला कंदील आपल्या शिवारात उतरताना दिसला, तर त्याच्यावर नजर ठेवून तो कुठे टेकतो ते पाहावे. पेटता असेल तर पाणी किंवा ओली माती टाकून विझवावा. कोरड्या चाऱ्याजवळ पायाने तुडवू नये, निखारे उडतात. विजेच्या तारेवर अडकलेला कंदील काठीने काढायला जाऊ नये, महावितरणला कळवावे. आग पसरू लागली तर ११२ किंवा १०१ वर फोन करून गावाचे नाव आणि शेताचा गट क्रमांक सांगावा. विझलेल्या कंदिलाची तार आणि कडे त्याच दिवशी उचलून घ्यावे, शक्यतो चारा कापण्याच्या आधी.